भाऊजींचे ओले हात

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला दारू नव्हती, पत्ते नव्हते, बाहेरची भानगड नव्हती. लग्न ठरलं तेव्हा नातेवाइकांनी हे एकेक बोट मोजून सांगितलं होतं. निर्व्यसनी मुलगा! तेव्हापासून हा शब्द ऐकला की माझ्या कपाळाला आठी पडते. व्यसनी माणसाच्या बायकोला निदान कोणीतरी विचारतं, कशी आहेस बाई? माझ्या ताईला कधी कोणी विचारलं नाही. तिच्या घरी येणारा प्रत्येक जण आधी दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीसमोर थांबायचा, "वा, काय नशीबवान आहात हो," म्हणायचा आणि चहा पिऊन निघून जायचा. आज ताई नाही. भाऊजी आहेत. म्हणून जे सांगायचं ते मलाच सांगायला हवं.

भाऊजींचं काम खाऱ्या पाण्याच्या टाक्या बसवायचं आणि सांभाळायचं. दातांच्या दवाखान्यात, हॉटेलच्या दर्शनी दालनात, एखाद्या हौशी माणसाच्या जिन्याखाली. मासे पाळणारे गल्लोगल्ली सापडतात, पण खाऱ्या पाण्यात प्रवाळ जगवणं हे वेगळं प्रकरण आहे. प्रवाळ दिसतो दगडासारखा, असतो जीव. तो जागचा हलत नाही. त्याचं खाणं पाण्यानेच त्याच्यापर्यंत आणायचं आणि त्याची घाण पाण्यानेच न्यायची. म्हणून टाकीत मुठीएवढे पंप लावतात, आतून काचेला चुंबकाने चिकटवलेले. ते बाहेरून पाणी आणत नाहीत, आहे तेच फिरवत ठेवतात. समुद्रात हे काम लाटा करतात. टाकीत त्याला भाऊजी लागायचे.

पंप कुठे लावायचा हे ठरवायची त्यांची पद्धत माझ्या दुकानातून निघालेली. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. चेन बदलणे, बाह्या आखूड करणे, पँटची उंची कमी करणे. भाऊजी यायचे ते लाल लोकरीचे तुकडे मागायला. ते तुकडे लांब काडीला बांधायचे आणि काडी पाण्यात कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवायची. धागा ताठ झाला की प्रवाह फार जोराचा, तिथे प्रवाळ ठेवला तर त्याचं मांस सोलून निघेल. धागा नुसताच लोंबला की ती मेलेली जागा, तिथे घाण साचून सडणार. धागा इकडून तिकडे आळसात डोलला, की जागा बरोबर. काडी फिरवताना ते श्वाससुद्धा हळू घ्यायचे. लेक तापाने फणफणली होती तेव्हा थर्मामीटर कुठे ठेवलाय हे ज्याला माहीत नव्हतं, तोच हा माणूस.

त्यांचे काही नियम होते. पंपाचं तोंड प्रवाळाकडे कधी नाही, काचेकडे. पाण्याने आधी काचेवर आपटावं, रग जिरवावी, मग जिवापाशी जावं. दोन पंप समोरासमोर, पण एका वेळी एकच जोरात. "एक बोलला की दुसऱ्याने ऐकायचं," हे ते जेवताना सांगायचे, आणि ताई तेव्हा तिसऱ्यांदा विचारत असायची की भाजीत मीठ बरोबर आहे का.

सगळ्यात मोठा नियम म्हणजे, एकदा बसलेलं पाणी हलवायचं नाही. त्याचं कारण समुद्रफूल. ते नावाचं फूल, आहे प्राणीच. बोटांसारख्या मऊ पाकळ्या आणि खाली एकच पाय. पाणी मनासारखं मिळालं की वर्षानुवर्षं एका फटीत बसून राहतं. प्रवाह बदलला की मात्र निघतं फिरायला, आणि फिरता फिरता पंपाच्या जाळीत ओढलं जातं. मग त्याच्या चिंध्या होतात, विष पाण्यात पसरतं आणि टाकीतलं सगळंच मरतं. म्हणून फूल असलेल्या टाकीत भाऊजी प्रत्येक पंपाच्या जाळीला स्पंजची टोपी घालायचे. एका हॉटेलच्या मॅनेजरने समारंभाच्या आधी, फोटोत वाईट दिसतं म्हणून, पंप सरकवला होता आणि टोपी काढली होती. पाहुण्यांना नाकाला रुमाल लावून जेवावं लागलं. भाऊजी ही गोष्ट मीठमसाला लावून सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "फोटो मात्र झकास आले म्हणे!"

त्यांच्या घरच्या टाकीतही एक समुद्रफूल होतं. हिरवट, टोकांना जांभळं. माझी भाची शाळेत जायला लागली तेव्हा तिने ते स्वतः निवडलं होतं. भाऊजी तिला मासोळी म्हणायचे. त्या फुलाने आपली जागा निवडली ती मोठ्या खडकाच्या मागे, डाव्या अंगाला. समोरून दिसायचंच नाही. बाल्कनीच्या दारापाशी जाऊन बाजूच्या काचेला गाल लावला की दिसायचं, त्यात लोळणारी नारिंगी-पांढरी जोकर माशांची जोडीसुद्धा. पोर तासन्‌तास तशी उभी राहायची. काचेवर तिच्या गालाचा डाग असायचा आणि ताई तो पुसायची.

आता त्या वाक्याकडे येते. त्या घरात सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य. फोन वाजतोय, "हात ओले आहेत." दूध उतू जातंय, "हात ओले आहेत." दारावर कोणी आलंय, लेक चित्र दाखवायला आलीय, "दाखव, लांबूनच दाखव, हात ओले आहेत." आणि ते खरं असायचं, हीच तर गोम. उजवा हात खांद्यापर्यंत टाकीत, डावा काचेवर, कोपरातून खारं पाणी टपकतंय. माणूस खोटं बोलत असता तर भांडता आलं असतं. ताईच्या चांगल्या पातेल्यांत त्यांचे पंप व्हिनेगरमध्ये भिजत पडलेले असायचे, क्षार निघावा म्हणून. ती म्हणायची, "लोक सवतीला पाण्यात बघतात, माझी सवत पाण्यातच राहते." मी हसायचे. तीही हसायची. एकदा मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "अहो, एखादा पंप इकडेही वळवा की." भाऊजी मोठ्याने हसले. त्यांना तो विनोद फार आवडला, दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही त्यांनी तो सांगितला. मी ताईचं तोंड बघत होते. तो विनोद नव्हता.

ती गेली ती एका दुपारी, ओट्यापाशी. तिने हाक मारली, "अहो." भाऊजी खडकामागे तिसरा पंप बसवत होते. ते म्हणाले, "हात ओले आहेत, आलोच." तिने पुन्हा हाक मारली नाही. भाची आतल्या खोलीत केस वाळवत होती. तिने आईची हाक ऐकली, बापाचं उत्तर ऐकलं, 'आलोच' ऐकलं, आणि तिला वाटलं बाबा गेले. म्हणून ती उठली नाही. पंप बसल्यावर, हात पुसल्यावर भाऊजी गेले. डॉक्टर म्हणाले की हृदय एकदम बंद पडलं, आधी पोचून काही उपयोग झाला नसता. भाऊजींनी ते वाक्य दोन्ही हातांनी धरून ठेवलं. भाचीच्या हातात मात्र काहीच आलं नाही. ती मला म्हणाली होती, "मावशी, मला वाटलं ते गेले. मी वाटण्यावर बसून राहिले." एवढंच. मग तिने दुसऱ्या गावी नोकरी धरली, तिकडेच लग्न केलं, आणि बापाचा फोन वाजला की तो वाजूच द्यायला शिकली.

मला राग कोणाचा येतो विचाराल तर दोघांचा येतो. पण बापाचा जास्त.

भाचीला मुलगी झाली, तेव्हा मी तिच्या हात धुऊन मागे लागले. सुरुवातीला सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एकदा तीच म्हणाली, "येते. एकदा येते. त्यांनी बाळाला हातात घ्यावं, एवढंच बघायचंय मला. घेतलं तर पुढचं पुढे."

मी भाऊजींच्या घरी गेले आणि समोर बसवून त्यांना सांगितलं, "हे बघा, तिला टाकी बघायची नाहीये. दार तुम्ही उघडायचं. कोरड्या हातांनी. बाळाला घ्यायचं. नाही तर ती पुन्हा यायची नाही, आणि मी पुन्हा मध्ये पडायची नाही."

"दार मीच उघडणार," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, समजलं यांना. मलाही वाटण्यावर बसायची सवय असावी.

ती यायच्या आदल्या दिवशी मी घर झाडायला गेले. भाऊजी स्टुलावर चढून टाकीत वाकलेले होते.

"काय चाललंय?"

"अगं, फूल मागे आहे ना. सोफ्यावरून दिसत नाही. ती बाळाला घेऊन सोफ्यावर बसणार. डावा पंप इकडे घेतला, की प्रवाह पुढून येईल आणि फूल पुढे सरकून तोंड इकडे करेल. तिनेच आणलेलं आहे ते. तिला दिसू दे की मी ते जिवंत ठेवलंय."

मला टाक्यांतलं काही कळत नाही, पण हॉटेलच्या मॅनेजरची गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की ती मलाही पाठ होती. "बसलेलं पाणी हलवायचं नाही ना?" मी विचारलं.

"अगदी थोडंसंच."

"आणि त्या टोप्या?" पंपांच्या स्पंजच्या टोप्या ओट्यावर वाळत होत्या.

"मळल्यात. काळ्या दिसतात. पाहुणे येणार म्हणून एक दिवस काढल्या, उद्या संध्याकाळी घालतो."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात. आमचा पाषाण तर खांद्यापर्यंत ओला होता. त्यांनी माझ्याकडून नेलेली लाल लोकर काडीला बांधली, काडी पाण्यात फिरवली, धागा डोलला आणि ते खूश झाले. धागा आधीही डोलतच होता, फक्त सोफ्यावरून दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी जेवणाचे डबे घेऊन पोचले तेव्हा भाऊजी कुठल्याशा लग्नातला ठेवणीतला शर्ट घालून टाकीसमोर उभे होते. बाही वर दुमडलेली. तोंडचं पाणी पळालेलं.

"निघालंय," ते म्हणाले.

फूल जागा सोडून खडकाच्या माथ्यावर आलं होतं. अंग आक्रसून घेतलेलं, पाकळ्या मिटलेल्या, पाय अर्धा सुटलेला. जोकर मासे त्याच्याभोवती गोल गोल फिरत होते. मी म्हटलं, पंप बंद करा. ते म्हणाले, बंद केले तर ते आणखी भटकेल, थोडा वेळ थांबू, बसेल. जे दुसऱ्याला कधी सांगितलं नसतं ते सगळं ते त्या दिवशी स्वतःला सांगत होते. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, हातात टॉवेल दिला. ते खुर्चीवर बसले, पण खुर्ची टाकीच्या दिशेने वळवून.

बेल वाजली आणि त्याच क्षणी फूल सुटलं. मी स्वतः पाहिलं. खडकावरून उडालं, पाण्यात एक गिरकी घेतली आणि सरळ उजव्या पंपाच्या उघड्या जाळीवर जाऊन चिकटलं. भाऊजींनी भिंतीवरचं बटण बंद केलं. तेवढं भान होतं. आणि मग, दाराकडे जायच्या ऐवजी, त्यांनी ठेवणीतल्या शर्टासकट हात टाकीत घातला.

दार मी उघडलं. भाची उभी होती, खांद्यावर बॅग, कडेवर बाळ. पोर आपल्या आजीसारखं दिसत होतं, हनुवटी हुबेहूब ताईची. भाची माझ्या खांद्यावरून आत बघत होती. भाऊजींची पाठ दिसत होती. भिजलेला शर्ट पाठीला चिकटलेला.

"बाबा," ती म्हणाली.

"आलो, आलो गं मासोळी," ते म्हणाले. मान वळवली नाही. "बस. एक मिनिट बस. हात ओले आहेत."

असं वाटलं की दारातच मला कोणी थोबाडीत मारली. "भाऊजी!" मी ओरडले. "सोडा ते! इकडे बघा!"

"अगं, सोडलं तर फाटेल," ते म्हणाले. आवाज रडवेला झालेला. "पाय अडकलाय आत. फाटलं तर सगळी टाकी जाईल. तिचंच फूल आहे, तिच्यासाठीच..."

खरं होतं तेही. त्यांचं नेहमी खरंच असायचं.

भाची आत आली. ती बसली नाही. बाळाला घेऊन ती बाल्कनीच्या दारापाशी गेली, तिच्या जुन्या जागी, आणि बाजूच्या काचेतून बापाकडे पाहत राहिली. मध्ये पाणी होतं. पलीकडून भाऊजींचा चेहरा मोठा आणि वाकडा दिसत असणार. त्यांच्या बोटांत ते हिरवं जांभळं मांस होतं आणि ते हळुवारपणे एकेक धागा जाळीतून सोडवत होते. एवढ्या मायेने त्या हातांनी दुसरं काही धरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. भाचीनेही नसावं.

बाळ रडायला लागलं. तिने त्याला थोपटलं, थोडा वेळ वाट पाहिली. मी तिचा दंड धरला होता. ती वाट पाहत होती, हे मी शपथेवर सांगेन. तिने त्यांना पुरेसा वेळ दिला.

"आईलाही तुम्ही हेच म्हणाला होतात, बाबा," ती म्हणाली. चढ्या आवाजात नाही. जशी वेळ सांगावी तशी. मग तिने खांद्यावरची बॅग सावरली आणि निघाली. मी जिन्यापर्यंत मागे धावले. लिफ्टच्या दारात ती मला म्हणाली, "तुझी काही चूक नाही, मावशी. आज निदान मी वाटण्यावर बसले नाही."

मी परत आले तेव्हा फूल फाटलेलं होतं. अर्धं त्यांच्या मुठीत, अर्धं जाळीत. पाणी ढवळलेल्या दुधासारखं झालं होतं. भाऊजी वळले, हात पुढे धरले, आणि दिवाणखान्यात मला एकटीलाच बघून म्हणाले, "कुठे गेली?"

मी टॉवेल त्यांच्या अंगावर फेकला आणि डबे तसेच घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवसापर्यंत टाकीतलं सगळं मेलं. वास जिन्यात आला तेव्हा शेजारच्यांनी मला फोन केला. जोकर मासे, कोळंब्या, आणि ते प्रवाळ ज्यांना रग जिरवलेलंच पाणी लागायचं. भाऊजींनी सगळं स्वतः बादल्यांनी उपसलं. टाकी कोणीतरी घेऊन गेलं. पंप त्यांनी धुऊन, पुसून दवाखान्यातल्या डॉक्टरांना देऊन टाकले आणि काम सोडलं. आता दिवाणखान्यात टाकीच्या जागी भिंतीवर एक फिकट चौकोन आहे. लोक येतात, त्या चौकोनाकडे बघतात आणि हळहळतात. माझ्या ताईसाठी त्या घरात एवढी हळहळ कोणी केली नाही.

तेव्हापासून भाऊजी रोज माझ्या दुकानात येऊन बसतात. मी त्यांना या म्हणत नाही, जाही म्हणत नाही. ते स्टुलावर बसतात, हात गुडघ्यांवर ठेवून. आयुष्यभर मिठाने फाटलेली बोटं आता भरून आलीत. नखं स्वच्छ. कधी कधी ते बोटं एकमेकांवर घासून बघतात, कोरडी आहेत ना म्हणून. मी लोकरीची टोकं कचऱ्यात टाकते तेव्हा बघतात, मागत नाहीत.

परवा ते तसेच बसले असताना भाचीचा फोन आला, व्हिडिओवरचा. माझ्याशी ती बोलते, बाळही दाखवते. बाळाला दात आलेत. मी हसले, दोन शब्द बोलले, आणि मग काय वाटलं कोणास ठाऊक, म्हटलं, "अगं, आजोबा इथेच बसलेत. देऊ का?" भाऊजी उठून उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात शर्टाला पुसले, कोरडे असूनही, आणि पुढे केले.

भाचीने फोन फिरवला, मला नुसतं छत दिसायला लागलं.

"नंतर करते, मावशी," ती म्हणाली. "बाळाला आंघोळ घालतेय. हात ओले आहेत."

फोन बंद झाला. भाऊजींचे हात तसेच पुढे होते. त्यांनी ते हळूच खाली घेतले आणि पुन्हा स्टुलावर बसले.

"असतील," ते म्हणाले. "लहान मूल आहे घरात. असतील ओले."

मी मशीन सुरू केलं आणि पँटची उंची कमी करायला घेतली. बाळ मला दिसलं होतं तेव्हा ते कपडे घालून, केस विंचरून, आईच्या मांडीवर बसलेलं होतं. भाऊजींना मी ते सांगितलं नाही.